पाण्याकडे तोंड करून बसलेले गाव

शांघाय महानगराच्या पश्चिमेस सुमारे ५० किलोमीटरांवर चूज्याज्याव नावाचे एक जुने गाव आहे. ‘चू घराण्याचा कोपरा’ असा या नावाचा अर्थ होतो. आपल्याकडे एखाद्या कुळाच्या आडनावावरून वाडीला नाव पडते, त्यातलाच हा प्रकार होय. शांघायहून या गावी जाणारी १७ क्रमांकाची मेट्रो ३० डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली. तेव्हापासून सकाळी न्याहारी करून निघालेला प्रवासी तास-सव्वा तासात गावात पोहोचतो, दिवसभर हिंडतो आणि दिवेलागणीच्या सुमारास पुन्हा शहरात परततो. पांढऱ्या भिंती, काळी कौले, दगडी कमानींचे पूल आणि त्यांखालून सरकणाऱ्या होड्या हे सारे त्याला चित्रातल्यासारखे भासते. परंतु हे गाव चित्रासाठी बांधलेले नव्हते. त्यातील प्रत्येक पायरी आणि प्रत्येक कमान कोणत्या ना कोणत्या गरजेतून निर्माण झाली. ती गरज कोणती होती आणि ती सरल्यावरही गाव कसे उरले, हे समजून घेतले म्हणजे एका दिवसाची ही सहल अधिक सार्थकी लागते.

यांगत्से नदी समुद्राला मिळते तेथे तिच्या दक्षिण तीरावर एक विस्तीर्ण सपाट प्रदेश पसरला आहे. चिनी लोक त्याला ‘च्यांगनान’, म्हणजे नदीच्या दक्षिणेचा देश, असे म्हणतात. त्याच्या मध्यभागी तायहू नावाचे मोठे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असले तरी सरासरी खोली अवघी दोन मीटरांच्या आसपास आहे. भोवताली लहान सरोवरे, ओढे आणि कालवे यांचे जाळे आहे. मुळात हा भाग दलदलीचा होता. शेकडो वर्षे लोकांनी चर खणून पाणी वाहते केले, खणलेल्या मातीचे बांध घातले आणि बांधांच्या आत भाताची शेते तयार केली. गोव्यातील वाचकांना खाजन जमिनी ठाऊक आहेतच. बांध, मानस आणि भरती-ओहोटीचे गणित सांभाळून तेथे जशी शेती उभी राहिली, तशीच ही च्यांगनानची शेती बांधांच्या आधाराने उभी राहिली. फरक एवढाच की खाजनाच्या बांधाला खारे पाणी अडवावे लागते, तर येथे झगडा मुख्यतः गोड्या पाण्याच्या पुराशी होता.

जमीन मिळविण्यासाठी खणलेले हेच चर पुढे रस्ते बनले. मऊ, चिखलट भूमीवर गाडीवाट टिकवणे कठीण आणि खर्चाचे. उलट एक माणूस होडीतून जेवढे ओझे नेऊ शकतो तेवढे दहा हमालांच्या खांद्यांना पेलणार नाही. इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आरंभी स्वी घराण्याच्या सम्राटांनी दक्षिणेचा हा भातप्रदेश उत्तरेकडील राजधानीशी कालव्यांनी जोडला. पुढे पेकिंगपासून हांगचौपर्यंत सुमारे १,८०० किलोमीटर लांबीचा जो ‘महाकालवा’ प्रसिद्धीस आला, त्याचा पाया असा घातला गेला. या महाकालव्याचा समावेश २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. चूज्याज्याव गावामधून जी मुख्य नदी वाहते तिचे नाव छाओकांग असे आहे. यातील ‘छाओ’ या शब्दाचा अर्थच मुळी सरकारी धान्याची जलमार्गाने वाहतूक असा आहे. जवळच्या त्यानशान सरोवरातून येणारे पाणी आणि त्या पाण्यावरून येणारे धान्य, या दोहोंवर हे गाव वाढले. मिंग घराण्याच्या काळात, विशेषतः सोळाव्या शतकाच्या अखेरीस, त्याला मोठ्या पेठेचे स्वरूप आले.

गावातील घरांची ठेवण पाहिली की ही गोष्ट तत्काळ ध्यानात येते. घराला दोन दर्शनी बाजू असतात. एक अरुंद गल्लीकडे उघडते, तिथे दुकान. दुसरी पाण्याकडे उघडते, तिथे स्वयंपाकघर आणि घाट. घाट म्हणजे भिंतीला लागून पाण्यात उतरणाऱ्या पाच-सात दगडी पायऱ्या. तेथेच तांदूळ धुवायचे, कपडे बडवायचे, भाजी घेऊन आलेल्या होडीवाल्याशी घासाघीस करायची आणि पाहुण्याला निरोप द्यायचा. काठाच्या दगडांत होडीचा दोर ओवण्यासाठी भोके कोरलेली असतात. बैलाच्या नाकात वेसण घालतात तशी ती दिसतात. गल्ली मात्र इतकी अरुंद की समोरासमोरच्या पागोळ्या एकमेकींना भिडू पाहतात आणि वर आकाशाची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरते. ज्या गावात ओझे पाण्यावरून येते, तेथे जमिनीवरचा रस्ता केवळ माणसाच्या पावलांपुरता असला तरी भागते.

होडी चालविण्याची येथील रीतही या अरुंदपणातूनच जन्मली आहे. दोन्ही बाजूंना वल्ही मारायची म्हटली तर कालवा पुरणार नाही. म्हणून होडीच्या मागच्या टोकाला एक खुंटी बसवितात, तिच्यावर एक लांब, किंचित वाकलेले वल्हे टेकवितात आणि वल्ह्याची मूठ दोरीने होडीच्या फळीला जखडतात. नावाडी उभा राहून ते वल्हे एकदा आपल्याकडे ओढतो, एकदा दूर लोटतो. दर खेपेस पात्याचा कल बदलतो आणि पाते पाण्याबाहेर न काढताच होडी पुढे सरकते. मासा शेपटीच्या हेलकाव्याने पुढे जातो, त्याचीच ही युक्ती. आज प्रवाशांना फिरविणाऱ्या लाकडी होड्याही याच रीतीने चालतात, आणि गावात पाहण्यासारख्या ज्या अनेक गोष्टी आहेत त्यांत ही बिनमोल असून बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

गावात छत्तीस पूल आहेत असे सांगतात. त्यांतील हुईमिन हा वर कौलारू छप्पर असलेला पूल तेवढा लाकडी आहे. बाकीचे बहुतेक दगडाचे. दगडी पुलांची कमान अर्धवर्तुळाकार असते, आणि शांत पाण्यात प्रतिबिंब पडले की वर्तुळ पूर्ण होते. हे वर्तुळ छायाचित्रकारांना प्रिय असले तरी बांधणाऱ्यांपुढे निराळाच प्रश्न होता. जमीन सपाट आणि काठ ठेंगणे. तेव्हा लादलेली होडी खालून जावी तर पुलाला पाठ उंचवावी लागते. जमीन मऊ, म्हणून पूल जड होऊन चालत नाही. गवंड्यांनी लाकडी खुंट जमिनीत ठोकले, त्यांवर पातळ खांब उभारले आणि पातळ दगडांच्या कमानी घातल्या. उंच पाठीवर चढण्यासाठी अर्थातच पायऱ्या आल्या. पायऱ्या आल्या म्हणजे चाकाची गाडी बंद झाली. या शेवटच्या गोष्टीने गावाचे पुढचे भवितव्य ठरविले, ते पुढे येईलच.

या पुलांमध्ये फांगशंग हा सर्वांत मोठा. छाओकांग नदीवर पाच कमानींनी तो उभा आहे. त्याची लांबी सुमारे ७० मीटर असून मधली कमान सर्वांत रुंद व उंच आहे. शिंगछाव नावाच्या बौद्ध भिक्षूने वर्गणी गोळा करून १५७१ मध्ये तो बांधविला, आणि १८१२ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. ‘फांगशंग’ म्हणजे जिवंत प्राण्यास मुक्त करणे. आपण त्याला जीवदानाचा पूल म्हणू. पुलाखाली मासे धरू नयेत, केवळ सोडावेत, असा दंडक त्या काळी घालून देण्यात आला. आजही पुलाच्या माथ्यावर दगडी सिंह बसलेले आहेत आणि सांध्यांतून डाळिंबाची झाडे उगवलेली आहेत. मासेमारीवर जगणाऱ्या गावाने आपल्या नदीचा एक तुकडा माशांसाठी राखून ठेवावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

अशी पेठ भोवतालच्या खेड्यांशी कशी जोडलेली होती, याचे उत्तम वर्णन फेय श्याओथुंग या थोर समाजशास्त्रज्ञाने करून ठेवले आहे. तायहू सरोवराच्या आग्नेय काठावरील कायश्यानकुंग या खेड्यात त्यांनी १९३६ मध्ये अभ्यास केला. पुढे लंडनमध्ये मालिनोव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्यावर प्रबंध लिहिला, आणि तो १९३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या खेड्यात काही होड्या रोज सकाळी बाजारगावी जात. निघण्यापूर्वी घरोघरच्या बायका नावाड्याच्या हाती तेलाची बाटली द्यायच्या, दारूची बाटली द्यायच्या आणि अमुक इतके आणा म्हणून सांगायच्या. नावाडी ते सारे ध्यानात ठेवी आणि दुपार उलटल्यावर ज्याचे त्याला आणून पोहोचवी. या कामासाठी तो घेणाऱ्यांकडून काही घेत नसे. खेड्यातील रेशीम आणि तांदूळ पेठेत विकून देण्याबद्दल त्याला दलाली मिळे, आणि आपल्या दुकानी गिऱ्हाईक आणतो म्हणून दुकानदार त्याला भेटी देत. एका माणसाच्या स्मरणशक्तीवर आणि सचोटीवर खेड्याचा बाजारहाट चालत असे. सकाळी गावी जाऊन संध्याकाळी परत येण्याची एकदिवसाची फेरी ही आजच्या प्रवाशाने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. ती या कालव्यांवर पूर्वीपासून रोजच घडत होती.

पेठेत येणारा माल म्हणजे तांदूळ, रेशीम आणि सुती कापड. चूज्याज्याव ज्या सुंगच्यांग प्रांतात मोडत असे, तो कापसासाठी व हातमागासाठी चीनभर नावाजलेला होता. तेराव्या शतकात ह्वांग ताओफो नावाच्या एका स्त्रीने हायनान बेटावर सूतकताईच्या सुधारलेल्या पद्धती शिकून घेतल्या आणि आपल्या या मुलखात आणल्या, अशी परंपरा आहे. या कथेचा एक उत्तरभाग मराठी माणसाच्या परिचयाचा निघावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांतील सुताची मोठी बाजारपेठ चीन हीच होती. हजारो चिनी घरांतील चरखा थांबला आणि मागावर गिरणीचे सूत चढले. त्यांतील बरेचसे सूत मुंबईच्या कामगारांच्या हातून गेलेले होते. पुढे जपानी सुताने मुंबईच्या सुताला तेथून हुसकावले. दोन दूरच्या देशांतील गरीब माणसे एकमेकांना न पाहता एकाच धाग्याने बांधली गेली होती.

संपत्ती आली तसे गाव सजले. मा वनछिंग या धनिकाने १९१२ मध्ये बांधावयास घेतलेले ‘खचिर’ उद्यान आजही पाहावयास मिळते. नावातील एक अक्षर अध्ययनाचे, दुसरे लागवडीचे. पोथी वाचावी आणि शेतही विसरू नये, असा त्याचा आशय आहे, आणि त्याप्रमाणे ग्रंथशाळेबरोबर पिकांसाठीही जागा राखली आहे. या उद्यानातील तळ्याकाठी २०१० पासून खुनछू या प्राचीन संगीत नाटकाचे प्रयोग खुल्या आकाशाखाली होऊ लागले. छिंग राजवटीतील टपाल कचेरीची इमारतही गावात आहे. चीनचे शाही टपालखाते १८९६ मध्ये सुरू झाले, आणि या भागात पत्रांच्या थैल्या होड्यांतून जात. एकोणिसाव्या शतकात बांधलेले एक कॅथलिक ख्रिस्तमंदिरही कालव्यापासून जवळच आहे. या परिसरात होड्यांवरच संसार करणारी अनेक कोळी कुटुंबे ख्रिस्ती झाली होती. मे महिन्यात शेशानच्या टेकडीवर पवित्र मरियेची यात्रा भरे, तेव्हा ही कुटुंबे राहत्या घरासकट, म्हणजे होडीसकट, यात्रेला येत आणि टेकडीजवळचे कालवे होड्यांनी भरून जात.

मग हे वैभव ओसरले कसे? शांघाय-नानकिंग रेल्वे १९०८ मध्ये आणि शांघाय-हांगचौ रेल्वे १९०९ मध्ये पुरी झाली. पुढे मोटारीचे रस्ते आले. माल रुळांवर आणि चाकांवर चढला, आणि ज्या गावांच्या पुलांना पायऱ्या होत्या ती गावे मागे पडली. ज्या पुलांनी गाव मोठे केले त्यांनीच आता त्याला अडवून धरले. परंतु याच अडथळ्यामुळे गाव वाचलेही. जेथे ट्रक शिरू शकला नाही तेथे कारखाना आला नाही, आणि जेथे पैसा नव्हता तेथे जुने घर पाडून नवे बांधण्याची ऐपतही कोणाला नव्हती. अनेक गावांनी कालवे बुजवून रस्ते केले. जी मागासलेली राहिली त्यांचे कालवे उरले. आज ज्याला वारसा म्हणून गौरविले जाते, त्याचा बराच भाग दारिद्र्याने जतन केला आहे, हे सत्य कडू असले तरी सांगितले पाहिजे.

१९८० नंतर चीनमध्ये उद्योगांची भरभराट सुरू झाली तेव्हा ही उरलेली गावेही धोक्यात आली. शांघायच्या थुंगची विद्यापीठातील र्‍वान यीसान या प्राध्यापकांनी गावोगाव हिंडून नकाशे काढले, आणि जुने गाव तसेच ठेवून नवी वस्ती बाजूला वसवावी असा आग्रह धरला. पुष्कळ ठिकाणी अधिकाऱ्यांनी त्यांचे ऐकले नाही. चौच्वांग या गावाने ऐकले. त्याच सुमारास चेन यीफेय या चित्रकाराने रंगविलेल्या चौच्वांगच्या जोडपुलाच्या चित्राने अमेरिकेत लोकांचे लक्ष वेधले आणि गावाचे नाव जगभर झाले. चौच्वांग, थुंगली, लूच, वूचेन, शीथांग आणि नानशून या सहा जलग्रामांच्या जतनाला २००३ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. चूज्याज्याव त्या सहांत नव्हते, पण वाट तीच धरली.

या वाटेवर एक नवा पेच उभा राहिला. गावाचा रस्ता आता चालणाऱ्यांनी इतका भरतो की सुटीच्या दिवशी उत्तर पेठेतून पाऊल टाकणे कठीण होते. दोन्ही बाजूंना पानात बांधून शिजविलेला चिकट तांदूळ, गवताच्या काडीने बांधलेले डुकराचे मांस आणि धुरावर वाळविलेले हिरवे सोयाबीन यांची दुकाने. यातील पुष्कळसे पदार्थ या गावचे खरे आहेत. पण ज्या घरात राहून आजी ते रांधीत असे, ते घर आता भाड्याने दिलेले असते. तरुण माणसे शहरात गेली. जुन्या घरांत ओल चढते, जिने अंधारे असतात, आणि आधुनिक सोयी करून घ्यायच्या तर जुन्या बांधणीला हात लावू नये असा नियम आड येतो. जी म्हातारी माणसे उरली आहेत ती आपल्या घाटावर कपडे धूत असताना पन्नास अनोळखी माणसे त्यांचे छायाचित्र घेतात. घरे सुरक्षित आहेत. त्या घरांतील जीवन सुरक्षित आहे काय, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पर्यटकाच्या पैशावाचून कौले शाकारता येत नाहीत, आणि पर्यटक वाढले की कौलांखाली राहणारा माणूस निघून जातो.

जीवदानाच्या पुलावरही हा पेच दिसतो. पुलाच्या तोंडाशी पाण्याने भरलेल्या पिशव्यांत लहान मासे विकावयास ठेवलेले असतात. प्रवासी पैसे देऊन पिशवी घेतो, मासे नदीत सोडतो आणि पुण्य पदरी पाडून घेतो. आता सोडण्यासाठी मासे हवेत म्हणून ते आधी कोणीतरी धरावे लागतात. म्हणजे ज्या कृत्याचा मूळ हेतू प्राण्याचे बंधन सोडविणे हा, त्यासाठीच त्याला बंधनात घालावे लागते. चीनमध्ये याहूनही घातक प्रकार घडतात. परदेशी जातीची कासवे आणि मासे सोडले जातात आणि ते देशी जीवांच्या मुळावर येतात. म्हणूनच १ मार्च २०२१ पासून अमलात आलेल्या यांगत्से संरक्षण कायद्याने त्या नदीच्या खोऱ्यातील उघड्या पाण्यात परकीय जाती सोडण्यास मनाई केली. दयेलाही ज्ञानाची जोड लागते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

खुद्द पाण्याची अवस्थाही विसरता येत नाही. २००७ च्या उन्हाळ्यात तायहू सरोवर हिरव्या शेवाळाने भरून गेले, आणि वूशी शहरातील सुमारे वीस लाख लोकांच्या नळाला दुर्गंधीचे पाणी येऊ लागले. कारखान्यांचे सांडपाणी आणि शेतांतील खत यांचा तो परिणाम होता. त्यानंतर सरकारला जाग आली. १ जानेवारी २०२१ पासून यांगत्सेच्या प्रमुख पाण्यात दहा वर्षे मासेमारी बंद करण्यात आली. या निर्णयामुळे सुमारे १ लाख ११ हजार होड्या आणि २ लाख ३१ हजार मच्छीमार पाण्याबाहेर आले. चारशे वर्षांपूर्वी एका भिक्षूने पाच कमानींपुरता घालून दिलेला नियम आता एका महानदीला लागू झाला आहे. पण तेव्हा कोळ्याला एक कमान सोडून पुढे जाळे टाकता येत होते. आता त्याला दुसरा व्यवसाय शोधावा लागला. मासा वाचविताना माणसाची सोय पाहणे, हे त्या भिक्षूच्या कामापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे.

चूज्याज्यावला जाणाऱ्याने शक्य तर सकाळी लवकर जावे. दुकाने उघडण्यापूर्वी फांगशंग पुलाच्या माथ्यावर उभे राहिले म्हणजे खाली नदीचा वळसा आणि काठावरचे घाट एका नजरेत येतात. मग मुख्य पेठ सोडून आडगल्लीने शेवटपर्यंत चालत जावे. तेथे फलक संपतात, भिंतींचा चुना उडालेला दिसतो, दारात भाजी निवडणारी वृद्धा दिसते आणि घाटाच्या पायरीवर पालथी घातलेली बादली दिसते. गाव अजून गाव आहे ते तेवढ्या भागात. तेथे आवाज न करता जावे, छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे आणि आले तसे परतावे.